डंजन्स अँड ड्रॅगन्स पडद्यावर: या खेळातलं नेमकं काय सिनेमात यायला हवं?

रानपाखरू

टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या रोलप्लेइंग खेळावर मोठ्या बजेटचा सिनेमा काढायचा म्हटलं की पहिल्याच पायरीवर घोडं अडतं, कारण खेळाच्या खोक्यात कथा नसते. कादंबरीवर सिनेमा करणाऱ्याला काय ठेवायचं आणि काय गाळायचं एवढं ठरवावं लागतं. इथे हातात येतात नियमांची पुस्तकं, राक्षसांची जंत्री, नकाशे आणि फासे. कथा प्रत्येक टेबलावर वेगळी घडते आणि खेळणारे उठले की त्यांच्याबरोबरच निघून जाते. मग निर्माता एवढे पैसे मोजून विकत घेतो ते काय?

माझं म्हणणं आधीच मांडते. नावं, ड्रॅगन, किल्ले, जादूचे लोळ यातलं सगळं पडद्यावर आणलं तरी खेळ येत नाही. खेळ येतो तो बेत फसण्यातून. चार-पाच जण डोकं लावून योजना आखतात, पहिलाच फासा उलटा पडतो आणि मग हाताशी जे असेल त्यातून रस्ता काढावा लागतो. ही घडण ज्या पटकथेत उतरली ती जमली. जिथे नुसती सजावट उतरली तो सिनेमा पडला.

थोडा इतिहास. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या टीएसआर या छोट्या कंपनीने पहिल्या हजार प्रती काढल्या. हे दोघंही मुळात युद्धखेळवाले: छोट्या सैनिकांच्या पलटणी, मोजपट्ट्या, फासे. आर्नेसनच्या ब्लॅकमूर मोहिमेत खेळाडूच्या हाती पलटणीऐवजी एकच माणूस आला आणि सगळं बदललं. पलटण हरली तर पुन्हा मांडता येते. आपला एकुलता एक माणूस तळघरात अडकला की जीव टांगणीला लागतो.

सिनेमाचं स्वप्न गायगॅक्सलाही होतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तो त्यासाठी हॉलिवूडला जाऊन राहिला. हाती आली ती १९८३ ची कार्टून मालिका. २७ भागांची ती मालिका तीन हंगामांनंतर बंद झाली आणि करमणूक बागेतल्या राइडमधून त्या जगात जाऊन पडलेली मुलं घरी परतल्याचा भाग निघालाच नाही.

पुढे कोर्टनी सॉलोमनने ऐन विशीत हक्क मिळवले. त्यानंतर सिनेमा यायला दहाएक वर्षं गेली. डिसेंबर २००० मध्ये आलेल्या त्या सिनेमाचं बजेट साडेचार कोटी डॉलरच्या घरात होतं आणि जगभरची कमाई साडेतीन कोटींपर्यंतही पोचली नाही. जेरेमी आयर्न्ससारखा कसलेला नट खलनायक, शेवटी आकाशभर ड्रॅगन, सोबत चोर, जादूगारीण, ड्वार्फ, एल्फ असा सगळा सरंजाम. तरी तो पाहताना खेळाची आठवण होत नाही, आणि त्याचं कारण मला पटकथेत दिसतं. चोरांच्या चक्रव्यूहात नायक रिडली एकटा शिरतो, बाकीचे बघत उभे. ड्रॅगनवर हुकमत चालवणारा राजदंड आणायलाही तो एकटाच आत जातो, बाकीचे बाहेर थांबतात. टेबलावर असं झालं तर उरलेले खेळाडू तासाभरात उठून जातील! टोळी आहे, पण टोळी म्हणून ती कधी काही ठरवतच नाही.

आता २०२३ चा ‘ऑनर अमंग थीव्हज’ घ्या. जोनाथन गोल्डस्टीन आणि जॉन फ्रान्सिस डेली दिग्दर्शक. त्यातला स्मशानातला प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहते. टोळीला एक हरवलेलं शिरस्त्राण शोधायचंय आणि ते शेवटचं पाहिलेले सगळे लढाईत मेलेले. म्हणून मढी उकरून त्यांना विचारायचं. मेलेल्याशी बोलण्याचा हा मंत्र खेळाच्या पुस्तकात आहे आणि त्याची मर्यादाही तिथेच लिहिलेली आहे: पाच प्रश्न, बस्स. पडद्यावर काय होतं? प्रश्न चुकून वाया जातात. आपसात बोललेलं वाक्यसुद्धा प्रश्न म्हणून मोजलं जातं. एक मढं संपलं की दुसरं उकरा, त्याला लढाईचा थोडाच भाग ठाऊक, मग तिसरं. या हसवण्यातून प्रेक्षकाला शिरस्त्राणाचा पूर्वेतिहास मिळतो, जो एरवी कोणीतरी शेकोटीपाशी बसून कंटाळवाण्या सुरात सांगितला असता. नियमाची मर्यादाच इथे दृश्य चालवते.

तुम्हाला काय वाटतं? खेळणाऱ्यांनी लिहाच, न खेळणाऱ्यांनीही लिहा.

---

कोरा कागद

लेखन आवडलं. मी हा खेळ कधी खेळलेलो नाही. २०२३ चा सिनेमा मित्रांच्या आग्रहाने पाहिला आणि मजा आली, पण मध्येच काही जण खदखदून हसत होते आणि मला उमगत नव्हतं. तो अगडबंब लठ्ठ ड्रॅगन, तो पारदर्शक जेलीचा ठोकळा, ते पुलाचं प्रकरण. जाणकारांनी प्रकाश टाकावा. शिवाय ज्याला हे संदर्भ माहीत नाहीत त्याच्यासाठी सिनेमात काय उरतं, हेही वाचायला आवडेल.

---

विसाचा फासा

कोरा कागद, सांगतो. मी बहुतेक वेळा डीएम असतो, म्हणजे डंजन मास्टर: जग उभं करणारा, राक्षसांच्या बाजूने फासे टाकणारा आणि ‘बरं, मग तुम्ही काय करता?’ असं विचारणारा.

तो ड्रॅगन थेंबरशॉड. २०१५ च्या एका छापील साहसातही, म्हणजे टेबलावर खेळायला तयार मिळणाऱ्या मोहिमेतही, तो आहे. तिथेही तो असाच खाऊन खाऊन फुगलेला, कारण भूमिगत ड्वार्फ त्याला पोसत असतात. पडद्यावर तो घरंगळत अंगावर येतो तेव्हा उडणाऱ्या ड्रॅगनपेक्षा जास्त धडकी भरते, कारण अरुंद जागेत पळायलाच वाव नसतो.

जेलीचा ठोकळा हा माझा सगळ्यात लाडका राक्षस. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. का? तर जुन्या नकाशांत आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन दहा फुटांचा धरत आणि भुयारंही तेवढीच रुंद काढत. म्हणजे हा प्राणी भुयारात चपखल बसतो आणि पुढे सरकत सगळं साफ करत जातो. कुठल्याही पुराणात किंवा लोककथेत तो नाही, त्याचा जन्मच नकाशाच्या कागदावरचा. असे राक्षस सिनेमात आले की मला मनापासून आनंद होतो, कारण ते इतर कुठल्याही काल्पनिक जगातून उचलता येत नाहीत.

आता पूल. पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, झेंक गंभीरपणे समजावत असतो की पुलावर कुठल्या क्रमाने पावलं टाकायची. लांबलचक सूचना. ती संपायच्या आत टोळीतल्या जादूगाराचा, सायमनचा पाय पहिल्या दगडावर पडतो आणि अख्खा पूल दरीत. प्रत्येक डीएमने हे भोगलंय: आठवडाभर जीव लावून रचलेलं कोडं, आणि खेळाडू पहिल्याच मिनिटाला त्याची वाट लावतात. त्यानंतर जे होतं ते त्याहून खरं आहे. टोळीतली लढवय्यी होल्गा जी काठी टेकत चालत होती ती जादूची निघते, दोन ठिकाणी दारं उघडणारी. डीएमच्या भूमिकेतून बघा. पूल गेला, कथा पुढे सरकायलाच हवी, मग आधी कुठेतरी उचललेल्या फुटकळ वस्तूला तो तिथल्या तिथे महत्त्व देतो. खेळाडूंना वाटतं, हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. ही हातोटी यायला डीएमला वर्षं लागतात.

आणि बघा, ती काठी पुढे टोळीची झाली! तिजोरीत शिरायला दाराचं एक टोक चित्राच्या कॅनव्हासवर लावून चित्र गाडीतून आत पाठवायचं, असा झकास बेत त्यांनी आखला. चित्र आत पोचतं आणि तोंडावर पालथं पडतं. दार उघडतं, पलीकडे दगडी फरशी. रानपाखरू म्हणतात ते हेच.

तुम्हाला मजा आली, कारण बेत फसणं समजायला पुस्तक वाचावं लागत नाही.

---

अंधारवाट

चर्चा छान, पण माझं मत वेगळं आहे आणि ते तळमळीने मांडतो.

दोन आक्षेप. पहिला, हा खेळ म्हणजे फक्त फजितीची गंमत नाही. मी ज्या टोळ्यांत खेळलोय तिथे पात्र मेलं तेव्हा माणसं खरोखर रडली आहेत. महिनोनमहिने सांभाळलेलं पात्र एका फाशात जातं आणि टेबलावर कोणी बोलत नाही. २०२३ च्या सिनेमात प्रत्येक गंभीर क्षणाच्या शेपटीला विनोद आहे. दिग्दर्शकाला भीती वाटली असावी की ड्रॅगन-जादूगार मनापासून दाखवले तर लोक हसतील, म्हणून त्याने आधीच हसून घेतलं.

दुसरा आक्षेप मुळावरचा. टेबलावर फासा खरा असतो. डीएमलाही ठाऊक नसतं काय पडेल. सिनेमात चित्र पालथं पडतं, कारण लेखकाने ते पाडलं. तिथे धोका कुठला? रानपाखरू ज्याला खेळाची घडण म्हणताहेत ती पडद्यावर येऊच शकत नाही, फार तर तिची नक्कल येते. मग त्यापेक्षा खेळाने पन्नास वर्षांत उभी केलेली जगं नीट, गांभीर्याने दाखवा. एड ग्रीनवुडचं फरगॉटन रेल्म्स हे काल्पनिक जग १९८७ पासून छापील रूपात वाढतंय. नेव्हरविंटर, आइसविंड डेल, अंडरडार्क ही त्यातली ठिकाणं. त्या भूगोलाला वजन आहे. सिनेमात तो मागच्या पडद्यासारखा सरकून जातो.

---

सावली

अंधारवाट यांच्या पहिल्या मुद्द्याला +१. दुसऱ्याला नाही.

मला वाटतं अडचण सिनेमाच्या लांबीची आहे. कॅम्पेन, म्हणजे एकाच टोळीची सलग मोहीम, महिने-वर्षं चालतं, पात्राचं वजन त्या काळात साठत जातं. दोन-सव्वादोन तासांत ते साठवायला जागाच नाही. म्हणून हा खेळ मालिकेत जास्त खुलतो. ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’चं उदाहरण घ्या. १९८६ मध्ये जपानच्या कॉम्प्टिक मासिकात एका टोळीच्या खेळाचा वृत्तान्त, खेळाडूंच्या संवादांसकट, छापून येऊ लागला. त्यातून र्यो मिझुनोच्या कादंबऱ्या आल्या आणि १९९० पासून १३ भागांची अॅनिमेशन मालिका. कथा आधी टेबलावर घडली, नंतर लिहिली गेली, मग चितारली गेली.

अलीकडचं ‘व्हॉक्स माकिना’ही तसंच. क्रिटिकल रोल या गटातली नटमंडळी २०१५ पासून आपला खेळ लोकांसमोर खेळत होती. २०१९ मध्ये एका छोट्या अॅनिमेशनपटासाठी त्यांनी साडेसात लाख डॉलर मागितले आणि लोकांनी एक कोटी तेरा लाखांच्या वर दिले. त्याची पुढे मालिका झाली. पैसे देणाऱ्यांना त्या टोळीचे विशिष्ट फासे आठवत होते, कुठल्या दारापाशी कोण कसं अडकलं तेही आठवत होतं. तिथे रूपांतर करायला खरी कथा होती.

---

रानपाखरू

अंधारवाट, प्रतिसाद विचारात पाडणारा आहे. सविस्तर लिहिते.

गांभीर्याबद्दल: होल्गाचा मृत्यू पुन्हा एकदा पाहा. टोळीचा म्होरक्या एडगिन सगळा खटाटोप करतो तो एका पाटीसाठी, जी एकाच मेलेल्या माणसाला परत आणू शकते. त्याला बायको परत हवी आहे. शेवटी होल्गा मरते, ज्या बाईने त्याची मुलगी स्वतःच्या लेकीसारखी वाढवली ती. पाटी एक, माणसं दोन. तो होल्गावर वापरतो. या क्षणाच्या शेपटीला विनोद नाही. आणि बघा, इथेही मर्यादाच काम करते. पाटी हवी तितक्या वेळा चालली असती तर दृश्य उभंच राहिलं नसतं.

फाशाबद्दल: खरंय, सिनेमात फासा पडत नाही. पण टेबलावर फाशाला वजन येतं ते आकड्यामुळे कमी आणि त्यानंतर माघार नसते म्हणून जास्त. आकडा पडला की सगळ्यांनी तो मानायचा, डीएमनेसुद्धा. लेखकाला हे करता येतं. चित्र पालथं पडलं तर पडलं. कोणी मंत्र म्हणून ते सरळ करत नाही, बेत सोडावा लागतो आणि दुसरा रस्ता काढावा लागतो. २००० च्या सिनेमात हीच शिस्त नव्हती. जादू कुणाला किती येते, कशाने संपते, काहीच ठरलेलं नाही, त्यामुळे संकटाला धार येत नाही. खेळाने ही शिस्त जुन्या कथांमधून उचलली. गायगॅक्सने १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या लेखकांची यादीच दिली आहे. त्यातल्या जॅक व्हान्सच्या कथांत जादूगाराच्या डोक्यात मोजकेच मंत्र मावतात आणि म्हटले की पुसले जातात. खेळातली जादू तिथून आली.

आणखी एक उदाहरण, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. खेळात जादूच्या काही वस्तू नुसत्या हातात घेऊन चालत नाहीत, त्यांच्याशी अट्यूनमेंट करावी लागते, म्हणजे जुळवून घ्यावं लागतं. पुस्तकात हा दोन-चार ओळींचा कोरडा नियम आहे, एकाच पात्राने ढीगभर वस्तू वापरू नयेत म्हणून घातलेला. सिनेमात सायमनला त्या शिरस्त्राणाशी जुळवून घ्यायचंय आणि दर वेळी ते त्याला फेकून देतं, कारण त्याचा स्वतःवर विश्वास नाही. पडद्यावर हे त्याच्या डोक्यातलं भांडण म्हणून येतं. समतोलासाठी केलेल्या नियमातून पात्राचा प्रवास निघाला! रूपांतर म्हणतात ते मला असं हवं.

भूगोलाबद्दल तुमच्याशी अर्धी सहमत. नेव्हरविंटर बघताना मलाही ते शहर अजून थोडं पायाखाली यावं असं वाटत होतं.

सावली, मालिकेबद्दल वाद नाही. पण मग मोठ्या पडद्याने हा खेळ सोडूनच द्यायचा का? एका बैठकीत संपणारी साहसंही आपण खेळतोच. सिनेमाने त्यांच्याकडे बघावं.

---

चिकित्सक

एक मुद्दा कोणी काढलाच नाही. टोळीतली डोरिक ड्रुइड आहे, म्हणजे रूप बदलू शकणारी निसर्गाची जादूगारीण, आणि ती घुबड-अस्वल होते. नियमानुसार ड्रुइडला प्राण्याचं रूप घेता येतं, राक्षसाचं नाही, आणि घुबड-अस्वल राक्षसांत मोडतं. २०२२ च्या जुलैमध्ये ट्रेलर आला तेव्हापासून यावर रण माजलं होतं. वर म्हटलंय की नियमांच्या मर्यादेतून सिनेमा घडतो. मग ही मर्यादा का मोडली? जिथे सोयीचं तिथे नियम आणि एरवी देखावा, हे मला पटत नाही.

---

विसाचा फासा

चिकित्सक, आक्षेप नियमाला धरून आहे. पण टेबलावर काय होतं तेही बघू. खेळाडू डोळे चमकवत विचारते, ‘मला घुबड-अस्वल होता येईल का?’ निम्मे डीएम हो म्हणतील, आणि पुस्तकच डीएमला तो अधिकार देतं. मात्र एकदा हो म्हटल्यावर ते सगळ्या कॅम्पेनभर पाळायचं. सिनेमा ते पाळतो. डोरिकला ते रूप पहिल्यापासून येतं, ऐन वेळी उगवत नाही.

त्याच डोरिकचा पलायनाचा प्रसंग आठवा. माशी, उंदीर, ससाणा, मांजर, हरीण, एकामागून एक, आणि कॅमेरा जणू न तुटता मागे धावतो. प्रत्येक रूप आधीचं अंगलट आलं म्हणून घेतलेलं आहे. मोठ्या बजेटचा पैसा कशावर लावावा याचं उत्तर मला त्या एका दृश्यात मिळालं.

अवांतर: घुबड-अस्वल खेळाच्या १९७५ च्या ग्रेहॉक पुरवणीत पहिल्यांदा छापलं गेलं आणि त्याची कल्पना हाँगकाँगमध्ये बनलेल्या प्लॅस्टिकच्या स्वस्त खेळण्यांवरून आली. गंज चढवणारा रस्ट मॉन्स्टरही त्यातलाच. गायगॅक्सने त्या विचित्र आकारांना नावं दिली, ताकद दिली, सवयी दिल्या.

---

हिशेबनीस

सिनेमा चांगला असेल, पण चालला नाही, हेही बोलायला हवं. खर्च सुमारे १५ कोटी डॉलर, जगभरची तिकीटविक्री सुमारे २०.८ कोटी. तिकिटाच्या पैशातला साधारण अर्धा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. म्हणजे पडद्यावरून पैसे सुटले नाहीत. समीक्षक खूश होते, पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत ए मायनस दिला, तरीही.

तारीख बघा. अमेरिकेत २४ मार्चला ‘जॉन विक ४’, ३१ मार्चला हा आणि ५ एप्रिलला ‘सुपर मारिओ’. एकीकडे मारधाडीचा प्रेक्षक गेला, दुसरीकडे मुलंबाळं. हा मधल्या मध्ये सापडला. तोंडी प्रसिद्धीवर वाढणाऱ्या सिनेमाला आठवडे लागतात, ते त्याला मिळाले नाहीत.

त्यात जानेवारी २०२३ मधलं परवान्याचं प्रकरण. खेळाचे नियम इतरांनाही वापरू देणाऱ्या मुक्त परवान्याच्या जागी येऊ घातलेल्या जाचक मसुद्याला पाय फुटले आणि खेळाडू खवळले. अनेकांनी खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीच्या डिजिटल सेवेची वर्गणी बंद केली. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेऊन मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. सिनेमा त्यानंतर दोन महिन्यांनी आला. त्याचा गल्ल्यावर किती परिणाम झाला ते मोजणं अवघड. पण ज्यांनी पाचपाच मित्र ओढून न्यायचे तेच त्या वेळी दुखावलेले होते.

---

शाईची दौत

रानपाखरू यांनी सुरुवातीला विचारलं होतं की निर्माता विकत घेतो ते काय. त्याला कायद्याच्या बाजूने उत्तर देते.

एल्फ, ड्वार्फ, ड्रॅगन, गोब्लिन कुणाच्याच मालकीचे नाहीत. या खेळातही सुरुवातीला हॉबिट होते. टोल्किनच्या साहित्याचे हक्क असलेल्यांनी १९७७ च्या सुमारास हरकत घेतली आणि हॉबिटचे हाफलिंग झाले, एंट या चालत्या-बोलत्या झाडांचे ट्रीअंट. उलट बाजूने पाहा: २००० मध्ये नियम मुक्त परवान्यावर खुले करताना कंपनीने काही प्राणी राखून ठेवले. दहा डोळ्यांचे देठ आणि मधोमध मोठा डोळा असलेला बिहोल्डर, मेंदू खाणारा माइंड फ्लेअर, जिथे दिसतो तिथे नसणारा डिस्प्लेसर बीस्ट. निर्मात्याला कायद्याने मिळतं ते एवढंच: नाव, हे मोजके प्राणी आणि काही जगं. या पुंजीसाठी खेळाची मालक हासब्रो आणि सॉलोमनची कंपनी स्वीटपी यांच्यात २०१३ पासून खटला चालला आणि २०१५ मध्ये तडजोड झाली.

बेत आखणं, तो फसणं, टोळीने मिळून ठरवणं यावर कुणाचाही हक्क नाही. ते कोणीही फुकट करू शकतं. २००० च्या सिनेमाने पैसे मोजून बिहोल्डर घेतला आणि त्याला पहारेकरी म्हणून नुसता तरंगत ठेवला. टेबलावर बिहोल्डर समोर आला की खेळाडूंच्या तोंडचं पाणी पळतं, कारण त्याच्या प्रत्येक डोळ्याचा किरण वेगळा घात करतो. हक्क विकत घेतला, धाक घेतलाच नाही.

---

सावली

शाईची दौत, नेमकं लिहिलंत. याला एक जोड. दिग्दर्शकांपैकी जॉन फ्रान्सिस डेली हा आधी नट. ‘फ्रीक्स अँड गीक्स’ या मालिकेत तो होता आणि तिच्या शेवटच्या भागात मुलं डीअँडडीच, म्हणजे हाच खेळ, खेळतात. शाळेतला दादा पोरगा नाइलाजाने त्यांच्यात बसतो आणि हळूहळू रंगून जातो. तो भाग २०००चा, म्हणजे पहिला सिनेमा आला त्याच वर्षीचा. एका खोलीत पाच-सहा मुलं बसलेली, एकही ड्रॅगन नाही. तरी मला त्या वर्षीच्या सिनेमापेक्षा खेळ त्यात जास्त दिसतो. बजेटचा मुद्दा इथेच येतो का?

---

अंधारवाट

सगळे प्रतिसाद वाचले. अट्यूनमेंटचा मुद्दा मला पटला, तो मी याआधी असा पाहिला नव्हता.

बजेटवरून सुचलं ते मांडतो. पुढचा सिनेमा रेव्हनलॉफ्टवर काढावा. ट्रेसी आणि लॉरा हिकमन यांचं १९८३ चं साहस, जे पुढे २०१६ मध्ये ‘कर्स ऑफ स्ट्राड’ म्हणून वाढवून आलं. एक धुक्याने कोंडलेली दरी, एक गाव, एक किल्ला आणि स्ट्राड नावाचा एक व्हँपायर. जगभर फिरायला नको, पन्नास प्राणी बांधायला नकोत. आणि खलनायक असा की तो शेवटच्या अंकापर्यंत सिंहासनावर वाट बघत बसत नाही. तो मध्येच येतो, बोलतो, नायकांना किल्ल्यावर जेवायला बोलावतो. ते निमंत्रण स्वीकारायचं की नाही यावर टेबलावर जी हुज्जत होते ती दहा मिनिटं तशीच्या तशी दाखवा, मला दुसरं काही नको. विनोद येईल तिथे येऊ दे, पण भीती खरी असू दे.

---

रानपाखरू

रेव्हनलॉफ्टला माझा पूर्ण पाठिंबा. खर्च आवरेल आणि पात्रांना वेळही मिळेल. त्या जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाला वेगवेगळं खोटं बोलावं लागतं, नटांसाठी यापेक्षा चांगलं काय! काळजी एकच आहे: व्हँपायर आणि किल्ला लोकांनी इतक्यांदा पाहिलाय की डीअँडडीचं त्यात वेगळं काय, हे पहिल्या अर्ध्या तासात ठसायला हवं.

---

विसाचा फासा

ते टारोकाच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या पत्त्यांतून ठसेल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: साहसाच्या सुरुवातीला मॅडम इव्हा नावाची म्हातारी टोळीसमोर पाच पानं मांडते. तीन पानं सांगतात स्ट्राडशी लढायला लागणाऱ्या वस्तू कुठे दडल्यात, चौथं सांगतं तुमच्या बाजूने कोण उभं राहील आणि पाचवं सांगतं की स्ट्राड किल्ल्यात नेमका कुठे गाठ पडेल. पानं डीएम खरोखर पिसून काढतो, त्यामुळे प्रत्येक टेबलावर साहस वेगळं होतं. अंधारवाट यांना हवा असलेला फासा तो हाच.

सिनेमात ही पाच पानं विसाव्या मिनिटाला प्रेक्षकासमोर उघडी टाकायची, अगदी जवळून, पानावरची चित्रं नीट दिसतील अशी. त्यानंतर पटकथेला पळवाट नाही. टोळी एका पानाचा अर्थ चुकीचा लावेल, भलत्या कबरीत खणेल, त्यात कोणीतरी गमावेल. पाचव्या पानाचा अर्थ प्रेक्षकाने टोळीच्या आधी ओळखला तर उत्तमच. मग प्रत्येक दारापाशी तो मनातल्या मनात ओरडेल, आत जाऊ नका म्हणून, जसे पात्र मेलेले खेळाडू आमच्या टेबलावर कडेला बसून ओरडतात.

रेव्हनलॉफ्ट चालवलेल्या डीएमनी लिहा ना: तुमच्याकडे पाचवं पान कुठलं निघालं, आणि टोळीने स्ट्राडला कुठे गाठलं?